गॅसला वास कुठून आला?

सिलिंडरच्या गॅसला मुळात वासच नसतो, असं आम्ही गटाच्या बैठकीत सांगितलं की बायका हसतात. मग आम्ही अमेरिकेतल्या एका शाळेची हकीकत सांगतो.

टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाचं गाव आहे. आसपास तेलाच्या विहिरी, त्यामुळे शाळा चांगली श्रीमंत. तरी खर्च वाचवायला शाळेनं विहिरींवर वाया जाणारा नैसर्गिक गॅस नळानं घेतला. तो गळून इमारतीखालच्या पोकळीत साठत गेला. वास नाही, म्हणून कुणाला पत्ता नाही. १८ मार्च १९३७ ला दुपारी कार्यशाळेतलं यंत्र चालू केलं, ठिणगी पडली नि शाळा उडाली. सुमारे ३०० जीव गेले, बहुतेक लेकरंच. त्यानंतर तिथं गॅसला उग्र वास देण्याचा कायदा झाला आणि ही रीत पुढे पसरली. आपल्या सिलिंडरमध्ये त्यासाठीच इथिल मरकॅप्टन घालतात.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गावोगावी गॅस पोचला. पण ‘थोडा वास येतोच’ म्हणणाऱ्या घरोघरी आहेत. रॉकेल सांडलं तर दिसायचं. हा दिसत नाही, आणि हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत पसरतो. नुसती खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडायचं. रेग्युलेटर बंद, देवापुढचा दिवा नि उदबत्ती विझवायची. विजेचं बटण चालूही करायचं नाही, बंदही नाही. मग १९०६ ला फोन, तोही अंगणात जाऊन.