स्ट्रॉबेरी पेरू

(इं. कॅटली ग्वाव्हा, लॅ. सिडियम कॅटलेयानम, कुल – मिर्टेसी). जांभूळ, लवंग व साधा पेरू यांच्या कुलातील सदापर्णी झुडूप किंवा लहान वृक्ष. मूलस्थान ब्राझीलचा अटलांटिक किनारा व लगतचा उरुग्वे. इंग्लंडात विल्यम कॅटली यांच्या काचगृहात वाढलेली रोपे चीनमधली समजली गेली, म्हणून ‘चिनी पेरू’ हे चुकीचे नाव रूढ झाले. जोसेफ सबाइन यांनी १८२१ मध्ये जातीला कॅटलींचे नाव दिले (कॅटलेया हे ऑर्किडही त्यांच्याच नावाचे). भारतात खुंटासाठी वापरला जाणारा ‘चिनी पेरू’ ही वेगळी जाती आहे.

परसबागेत उंची सहसा २–४ मी. राहते. साल गुळगुळीत, पातळ पापुद्र्यांनी सुटणारी. पाने समोरासमोर, जाड व चकचकीत. साध्या पेरूच्या पानावरील ठसठशीत शिरा यात नसतात, ओळखायला एवढी खूण पुरते. फुले पांढरी. फळ २.५–४ सेंमी., पिकल्यावर गडद लाल. गर पाणीदार, आंबटगोड, बिया पुष्कळ व टणक. साल इतकी पातळ की फळ अख्खे खातात. तोडल्यावर ते लवकर मऊ पडते, त्यामुळे बाजारात क्वचितच दिसते. पिवळ्या फळांचा प्रकार स्वतंत्र मानावा की नाही, याबाबत मतभेद आहेत.

बियांची रोपे बहुधा मूळ झाडासारखीच निपजतात. साध्या पेरूत तशी खात्री नसल्याने कलमे करावी लागतात. यात मात्र साल पातळ असल्याने डोळा भरणे अवघड जाते. ऊन व निचऱ्याची जमीन हवी. कुंडीत किंवा कुंपणालाही लावतात. फळमाशी लागते, गळालेली फळे रोज वेचून नष्ट करावीत.

हवाई बेटांवर हे झाड १८२५ मध्ये आणले गेले. पक्षी व रानडुकरांनी बिया पसरवल्या, मुळांपासूनही फुटवे आले आणि स्थानिक जंगलात त्याची दाट जाळी माजली. मॉरिशस, रेयुनियों येथेही हेच घडले. जगातील सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक जातींच्या यादीत त्याचा समावेश आहे. हवाईत ब्राझीलमधील एक खवले कीटक त्यावर सोडण्यात आला. तो पानांवर गाठी आणून वाढ खुंटवतो, झाड मारत नाही. फळे गोळा करणाऱ्या काहींचा या उपायाला विरोध होता. उष्ण, पावसाळी प्रदेशात जंगलालगतच्या बागेत ही लागवड टाळावी.

फळांची जेली व सरबत करतात. लाकूड कठीण, हवाईत त्याच्या धुरावर मांस भाजतात.