भुयाराचा दुसरा जिना

१९७१ च्या सुमारास अमेरिकेतील मिनेसोटात डेव्ह आर्नेसन यांनी ब्लॅकमूर नावाच्या काल्पनिक किल्ल्याखाली भुयारे आखली आणि मित्रांना वीरांच्या भूमिका देऊन त्यांत उतरविले. पुढल्या वर्षी हा खेळ त्यांनी विस्कॉन्सिनच्या गॅरी गायगॅक्स यांना दाखविला. विम्याची नोकरी गेल्यावर गायगॅक्स जोडे दुरुस्त करीत. (हे वाचून मला त्यांच्याविषयी आपुलकी वाटली.) १९७४ मध्ये दोघांच्या नावाने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ छापून निघाला.

खेळ मांडणारा चौकटीच्या कागदावर मजल्याखाली मजला आखतो. राक्षस कोठे, द्रव्य कोठे, ते वहीत टिपतो. खेळणाऱ्यांना नकाशा दिसत नाही. तो सांगेल तेवढाच त्यांचा उजेड. सारी कागदपत्रे एकाच बाजूला असली म्हणजे काय होते, हे वाटाघाटींच्या टेबलाशी मी पुष्कळ पाहिले आहे.

गायगॅक्स यांनी १९७५ च्या स्पर्धेसाठी रचलेल्या ‘टूम ऑफ हॉरर्स’मध्ये पाऊल चुकले की बहुधा मरणच. कसोटी म्हणून ते ठीक. पण मांडणाऱ्याच्या मनातले ओळखण्यापलीकडे खेळणाऱ्याला फारसे काम उरत नाही. उलट जेनेल जेक्वेज यांचे १९७९ चे ‘केव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ पाहा. आत शिरायच्या वाटा अनेक, जिने अनेक, काही लपलेले. शिवाय आतल्या टोळ्यांचे आपसांत वैर. म्हणजे एकीशी बोलणी करावी, दुसरीला चुकवावे, नाहीतर माघार घेऊन उद्या दुसऱ्या जिन्याने उतरावे. नकाशा मांडणाऱ्याकडेच, पण वाट ठरवायची ती उतरणाऱ्यांनी.

जेक्वेज २०२४ मध्ये वारल्या. अशा रचनेसाठी त्यांच्या आडनावावरून इंग्रजीत एक क्रियापदच रूढ झाले आहे.