खासी टेकड्यांचा सामुदायिक कार्बन प्रकल्प

मेघालयात शिलाँगजवळ, उमियम नदीच्या पाणलोटात, गावांनी आपापली जंगले राखून त्यांतला कार्बनसाठा वाढवण्यासाठी चालवलेला प्रकल्प. क्षेत्र सुमारे २७ हजार हेक्टर. त्यात १० ‘हिमा’ म्हणजे खासी जमातीची पारंपरिक राज्ये आणि ६० हून अधिक गावे येतात. जंगलतोड रोखून टळलेल्या उत्सर्जनाचा मोबदला देणाऱ्या ‘रेड प्लस’ या जागतिक व्यवस्थेखालचा भारतातला हा पहिला सामुदायिक प्रकल्प मानला जातो. ‘प्लान व्हिवो’ या मानकाखाली त्याची नोंदणी २०१३ मध्ये झाली.

हे मेघालयातच का जमले, याचे उत्तर जमिनीच्या मालकीत आहे. देशात बहुतेक ठिकाणी जंगल वनखात्याचे असते. इथे संविधानाच्या सहाव्या अनुसूचीचे संरक्षण असल्याने बहुतांश जंगल कुळांच्या, गावांच्या आणि हिमांच्या ताब्यात आहे. कुठे तोडायचे, कुठे नाही, हे गावचा दरबार म्हणजे गावसभा ठरवते. मॉफलाँग गावची देवराई तर शतकानुशतके राखलेली; तिथून पानही बाहेर न्यायचे नाही असा दंडक आहे. पण देवराईबाहेरच्या जंगलावर सरपण, कोळशाच्या भट्ट्या, चराई, दगडखाणी आणि वणवे यांचा ताण वाढत गेला. दहाही हिमांनी एकत्र येऊन संघ स्थापला तो याच काळजीपोटी.

सर्वांत मोठा शत्रू वणवा. पावसासाठी जगभर नाव असलेल्या या टेकड्या हिवाळ्यात कोरड्याठाक पडतात आणि पाइनच्या सुक्या सुयांचा थर ठिणगीची वाटच पाहत असतो. म्हणून पाऊस सरला की गावकरी जंगलाच्या कडेने जाळरेषा काढतात: गवत, झुडपे, पालापाचोळा खरवडून मातीचा उघडा पट्टा ठेवायचा, म्हणजे आग ओलांडून येत नाही. आग आणि गुरे दूर राहिली की जमिनीत तग धरून असलेल्या जुन्या मुळांना धुमारे फुटतात, बी रुजते. जंगल परत आणण्याचा हा फार स्वस्त मार्ग आहे. रोपवाटिकेची गरज त्यात थोडीच पडते. जोडीला सुधारित चुली आल्या, गुराशेळ्यांऐवजी बंदिस्त डुकरे व कोंबड्या आल्या आणि बायकांचे बचत गट उभे राहिले.

साठा मोजायला प्रशिक्षित गावकरीच ठराविक नमुना-तुकड्यांत जातात, छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून खोडाचा घेर घेतात. घेरावरून लाकडाचे वजन काढले जाते. कोरड्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बन असतो, आणि एक टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. प्रकल्प नसता तर किती जंगल गेले असते, या अंदाजाशी तुलना करून विक्रीयोग्य प्रमाणपत्रे ठरतात. वणव्यासारख्या धोक्यासाठी त्यांतला काही हिस्सा राखून ठेवतात.

नाजूक जागा या हिशेबातच आहे. अंदाज फुगवला तर कागदावरचा कार्बन विकला जातो. राखलेल्या जंगलातली तोड शेजारच्या टेकडीवर सरकली तर हाती काहीच लागत नाही. प्लान व्हिवोच्या नियमानुसार विक्रीच्या उत्पन्नातला किमान ६० टक्के वाटा समाजाला मिळायला हवा, पण बाजारभावावर गावाची पकड नसते.

जंगल गावाच्या हाती असल्याचे उदाहरण महाराष्ट्रातही आहे: गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथले उत्पन्न बांबूचे. कार्बनविक्रीवाचूनही ग्रामसभेने जंगल राखले आहे.