अंगण, उंबरठा आणि वेदी : समलैंगिक भाविकांविषयी कॅथोलिक चर्चमध्ये चाललेला वाद

१/
श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव एके काळी बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यासाठी प्रसिद्ध होते. आज ते मतमाउलीच्या यात्रेसाठी ओळखले जाते. दर सप्टेंबरमध्ये, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास, संत तेरेजा चर्चच्या आवारात नगर, नाशिक, पुणे आणि मराठवाड्यातून भाविक लोटतात. त्यांत अख्रिस्ती भाविकही असतात. मेणबत्ती लावणाऱ्याला, नवस फेडणाऱ्याला त्याचा धर्म किंवा जात कोणी विचारीत नाही.

२/
त्याच आवारात मिस्सा सुरू होते आणि ख्रिस्तप्रसाद देण्याची वेळ येते, तेव्हा मात्र नियम निराळा असतो. स्नानसंस्कार झालेल्या आणि गंभीर पापाची टोचणी नसलेल्या कॅथोलिकानेच तो घ्यावा, अशी चर्चची शिस्त आहे. अंगण सर्वांना खुले, वेदीपाशी मात्र अट. समलैंगिक व्यक्तींविषयी कॅथोलिक चर्चमध्ये गेली पन्नास वर्षे जो वाद चालू आहे, तो या दोन जागांमधील अंतराविषयीचा आहे. आजचा धागा त्याच वादाच्या इतिहासाचा.

३/
या वादात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. समलैंगिक संबंध हा गुन्हा आहे काय? ते पाप आहे काय? आणि अशा जोडप्याने आशीर्वाद मागितला तर धर्मगुरूने काय करावे? पहिला प्रश्न राज्यसंस्थेचा, दुसरा सिद्धांताचा, तिसरा आचाराचा. तिन्हींची उत्तरे एकच असली पाहिजेत, असे मानल्यामुळे पुष्कळ गोंधळ झाला आहे. म्हणून ते एकेक करून पाहू.

४/
प्रथम गुन्हा. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकापर्यंत हा विषय चर्चच्या न्यायालयांचा होता. १५३३ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात पार्लमेंटने कायदा करून तो राजाच्या न्यायालयाकडे नेला आणि त्यासाठी देहदंड ठरवला. रोमशी इंग्लंडची फारकत होत होती, तोच हा काळ. पापाची शिक्षा राज्याने आपल्या हाती घेतली आणि १८६१ पर्यंत तेथील कायद्यात देहदंड कायम राहिला.

५/
तीच कल्पना जहाजातून हिंदुस्थानात आली. मेकॉलेच्या आयोगाच्या मसुद्यातून आकारलेली भारतीय दंडसंहिता १८६० मध्ये संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या कलम ३७७ मध्ये ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंधांसाठी जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. मुंबईपासून श्रीरामपूरपर्यंतच्या साऱ्या मुलखात हेच कलम दीडशेहून अधिक वर्षे लागू होते.

६/
परंतु जे पाप ते सर्व गुन्हाच असले पाहिजे, असे कॅथोलिक विचारपरंपरेने कधीच सरसकट मानले नव्हते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी लिहून ठेवले होते की, मानवी कायद्याने प्रत्येक दुर्गुणाला शिक्षा करू नये. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये वोल्फेंडन समिती या कायद्याचा फेरविचार करीत होती, तेव्हा वेस्टमिन्स्टरचे कार्डिनल ग्रिफिन यांनी नेमलेल्या कॅथोलिक सल्लागार समितीनेही १९५६ मध्ये तोच धागा धरला. प्रौढांमधील खासगी, संमतीचे संबंध नैतिकदृष्ट्या पाप असले, तरी ती राज्याच्या शिक्षेची बाब नव्हे, असे तिचे मत होते.

७/
आता भारताकडे वळू. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ‘नाझ फाउंडेशन’ खटल्यात प्रौढांचे संमतीचे संबंध कलम ३७७ मधून वगळले. त्याविरुद्ध जे सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यांत निरनिराळ्या धर्मांच्या संस्था होत्या. अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल या ख्रिस्ती संस्थाही होत्या. त्या कॅथोलिक नव्हेत. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला आणि अनेक धर्मसंघटनांनी त्याचे स्वागत केले.

८/
श्रीरामपूरची चर्चेस नाशिक धर्मप्रांतात येतात. १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झालेला हा धर्मप्रांत मुंबई महाधर्मप्रांताच्या परिक्षेत्रात मोडतो. मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस हे त्या वेळी भारतीय कॅथोलिक बिशपांच्या परिषदेचे अध्यक्ष होते आणि पोप फ्रान्सिस यांच्या सल्लागार मंडळातही होते. त्यांनी त्या डिसेंबरात जी भूमिका मांडली, ती इतर धर्मनेत्यांहून निराळी होती.

९/
त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : समलैंगिकता गुन्हेगारीच्या कक्षेतून काढण्यास कॅथोलिक चर्चचा कधीच विरोध नव्हता, कारण चर्चने या व्यक्तींना गुन्हेगार मानलेलेच नाही. प्रत्येक माणसाची जी प्रतिष्ठा, तीच त्यांची. त्यांच्याविषयीचा अन्याय्य भेदभाव, छळ, अवहेलना निषेधार्ह आहे. मात्र समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास चर्चचा विरोध आहे. एकाच निवेदनात अंगण उघडले होते आणि वेदीची अटही कायम ठेवली होती.

१०/
त्याच सुमारास समलैंगिकांसाठी काम करणाऱ्यांच्या एका पत्राला उत्तर देताना त्यांनी प्रवचनांच्या भाषेचाही विचार केला. निराळा लैंगिक कल असलेल्यांना केवळ त्या कलामुळे पापी म्हणणे चूक आहे, धर्मगुरूंनी व्यासपीठावरून बोलताना संवेदनशील असावे, असे त्यांचे मत होते. बारकावा ध्यानात घ्यावा. सिद्धांताच्या मजकुराला येथे हात लावलेला नाही; तो उच्चारणाऱ्याच्या जिभेला लगाम घातला आहे.

११/
६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ‘नवतेजसिंग जोहर’ खटल्यात २०१३ चा निकाल रद्द केला. मरियेच्या जन्मोत्सवाआधीच्या नोव्हेनाचे ते दिवस होते. पुढे जानेवारी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी एका मुलाखतीत स्पष्ट केले की, समलैंगिक असणे हा गुन्हा नव्हे. पाप आणि गुन्हा यांत फरक करावा, आणि परस्परांविषयी प्रेम नसणे हेही पापच. मुंबईने हा फरक नऊ वर्षे आधी केला होता. पहिला प्रश्न येथे मिटतो.

१२/
आता दुसरा प्रश्न, पापाचा. येथे रोमची भूमिका बदललेली नाही. १९७५ चे ‘पर्सोना ह्युमाना’, १९८६ चे कार्डिनल रात्सिंगर यांच्या सहीचे पत्र आणि १९९२ चा कॅटेकिझम या तिन्हींत कल आणि कृती यांत भेद केला आहे. कल म्हणजे पाप नव्हे. कृती मात्र नैतिकदृष्ट्या अमान्य. १९८६ च्या पत्राने समलैंगिकांवरील हिंसेचा धिक्कार केला, आणि शिकवणुकीला विरोध करणाऱ्या गटांना चर्चच्या जागा देऊ नयेत असेही बजावले.

१३/
कॅटेकिझमच्या परिच्छेद २३५८ मध्ये आदर, करुणा आणि संवेदनशीलता या तीन शब्दांनी अशा व्यक्तींचा स्वीकार करावा, अन्याय्य भेदभावाची प्रत्येक खूण टाळावी, असे म्हटले आहे. पण याच परिच्छेदाला एक इतिहास आहे. १९९२ च्या पहिल्या आवृत्तीत ही माणसे आपली अवस्था स्वतः निवडीत नाहीत, असे वाक्य होते. १९९७ च्या अधिकृत लॅटिन आवृत्तीत ते गेले आणि हा कल वस्तुतः ‘इनऑर्दिनाता’ आहे, असे शब्द तेथे आले.

१४/
या लॅटिन शब्दाने जितके घाव घातले, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाने घातले असतील. तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत त्याचा अर्थ ‘आपल्या नियत हेतूकडे न वळलेला’ असा आहे. चर्चच्या मते लैंगिकतेचा हेतू पतिपत्नींचे ऐक्य आणि अपत्यप्राप्ती हा आहे. त्या दिशेने न जाणारे ते सारे ‘इनऑर्दिनाता’. मराठीत याला ‘विकृत’ म्हटले की परिभाषा संपते आणि शिवी सुरू होते. ‘दिशाच्युत’ म्हटले, तर अर्थाच्या जवळ जाता येते. तरीही आपल्या मुलाविषयी तो शब्द ऐकणाऱ्या आईला तत्त्वज्ञानाची तळटीप कोण वाचून दाखवणार?

१५/
या मुद्द्यावर कॅथोलिकांतच दोन प्रवाह झाले. १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये फादर जॉन हार्वे यांच्या पुढाकाराने ‘करेज’ हा गट सुरू झाला : ब्रह्मचर्याचे व्रत, प्रार्थना, एकमेकांचा आधार. शिकवण लपवून केलेले स्वागत ही फसवणूक ठरेल, खरे प्रेम कठीण सत्यही सांगते, असे या बाजूचे म्हणणे. त्या मार्गाने शांतपणे जगणारे समलैंगिक कॅथोलिकही आहेत. त्यांचा निर्णय उपरा मानणे अन्यायाचे होईल.

१६/
दुसरा प्रवाह १९६९ च्या ‘डिग्निटी’चा आणि १९७७ मध्ये सिस्टर जेनीन ग्रॅमिक व फादर रॉबर्ट न्यूजंट यांनी स्थापन केलेल्या ‘न्यू वेज मिनिस्ट्री’चा. ज्या शिकवणुकीत माणसाच्या प्रेम करण्याच्या क्षमतेलाच दोष मानला जातो, तिच्याखाली आदर टिकू शकत नाही, असा त्यांचा आक्षेप. १९९९ मध्ये रोमने या दोघांना समलैंगिकांमधील सेवाकार्य करण्यास कायमची मनाई केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच ग्रॅमिक यांना पोप फ्रान्सिस यांनी भेटीला बोलावले. या दोन तारखांमध्ये सिद्धांताचा एकही शब्द बदलला नव्हता.

१७/
बदलत होता तो सूर. जुलै २०१३ मध्ये रिओहून परतताना विमानात फ्रान्सिस म्हणाले की, देवाचा शोध घेणाऱ्या समलैंगिक माणसाचा न्याय करणारा मी कोण. पुढल्या वर्षी कुटुंबविषयक सिनॉडमध्ये स्फोट झाला. १३ ऑक्टोबर २०१४ च्या मध्यावधी अहवालात ‘अक्कोल्येरे’ हा इटालियन शब्द होता. त्याचे इंग्रजी आधी ‘स्वागत करणे’ असे झाले. तीनच दिवसांत ते बदलून ‘त्यांच्यासाठी तरतूद करणे’ अशा अर्थाचे करण्यात आले. अंतिम मतदानात त्या विषयावरील सौम्य केलेल्या परिच्छेदाला ११८ विरुद्ध ६२ मते पडली. दोन-तृतीयांश बहुमत हुकले.

१८/
एका क्रियापदावर जगभरचे बिशप असे अडले, याचे नवल वाटू नये. मराठीत विचार करून पाहा. स्वागत आपण पाहुण्याचे करतो. घरच्या मुलाचे कोणी स्वागत करीत नाही. तो घरी येतो. समलैंगिक कॅथोलिक हा बहुधा याच धर्मग्रामात स्नानसंस्कार झालेला, येथेच पहिला ख्रिस्तप्रसाद घेतलेला मुलगा किंवा मुलगी असतो. ‘तुझे स्वागत आहे’ हे वाक्य त्याच्या कानी पडते, तेव्हा आपण पाहुणे केव्हा झालो, हा प्रश्न त्याला पडणारच.

१९/
आता तिसरा प्रश्न. मार्च २०२१ मध्ये रोमने जाहीर केले की, समलिंगी संबंधांना आशीर्वाद देता येणार नाही, कारण देव पापाला आशीर्वाद देत नाही. १८ डिसेंबर २०२३ रोजी ‘फिदुचिया सप्लिकान्स’ या जाहीरनाम्याने वाट किंचित मोकळी केली. विवाह म्हणजे स्त्री-पुरुषांचाच, ही शिकवण कायम. परंतु आशीर्वाद मागणाऱ्या जोडप्याला धर्मगुरू विधीशिवाय, सहजपणे आशीर्वाद देऊ शकतो. पुढल्या महिन्यात खुलासाही आला : असा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असावा.

२०/
हा आशीर्वाद कोठे द्यावा, हेही त्या जाहीरनाम्याने सांगितले आहे : तीर्थस्थळाला भेट देताना, धर्मगुरूची भेट घेताना, सामूहिक प्रार्थनेत किंवा यात्रेत. हरेगावच्या आवाराचे वर्णन करायचे, तर याहून नेमके शब्द सापडणे कठीण. रोमने २०२३ मध्ये जे सूत्र लिहिले, त्याचा आधार लोकभक्तीचा आहे. यात्रेतला धर्मगुरू डोक्यावर हात ठेवण्यापूर्वी कोणाच्या संसाराची चौकशी करीत नाही.

२१/
प्रतिसाद मात्र एकसारखा नव्हता. ११ जानेवारी २०२४ रोजी आफ्रिकेतील बिशपांनी कार्डिनल अंबोंगो यांच्यामार्फत समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देणे आपल्याकडे उचित ठरणार नाही, असे कळवले. मुंबईत कार्डिनल ग्रेशियस यांचा सूर निराळा होता. भारतीय मन सर्वांना सामावून घेणारे आहे आणि आशीर्वाद मागणे येथे स्वाभाविक आहे, अशा आशयाचे ते बोलले. एकच कागद, पण प्रत्येक मुलखाने तो आपल्या रीतीने वाचला.

२२/
हे सारे रोममध्ये आणि मुंबईत. श्रीरामपूरच्या आसपासच्या गावांत त्याचे मोल काय? या भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जेझुइट मिशनरी आले आणि प्रामुख्याने अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील कुटुंबे चर्चमध्ये आली. गावाने वेशीबाहेर ठेवलेल्यांना येथे शाळा मिळाली, बोर्डिंग मिळाले, दवाखाना मिळाला आणि अखेरीस मातीसाठी जागाही मिळाली. अशा ठिकाणी चर्चपासून दुरावणे म्हणजे रविवारची एक प्रार्थना चुकणे नव्हे. अवघे गोत दुरावते.

२३/
म्हणून महानगरातला समलैंगिक कॅथोलिक आणि खेड्यातला समलैंगिक कॅथोलिक यांची कसोटी सारखी नसते. शहरात एका चर्चमध्ये मन रमले नाही, तर दुसरे आहे. खेड्यात धर्मगुरू एक, कबरस्थान एक, आणि प्रत्येक जण कोणाचा तरी मामा किंवा आत्या. येथे व्यासपीठावरून उच्चारलेला एक तुच्छतेचा शब्द घरापर्यंत चालत जातो. प्रवचनांच्या भाषेविषयीची २०१३ ची सूचना मुंबईपेक्षा अशा गावांत अधिक कामाची आहे.

२४/
आज स्थिती अशी आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य करण्यास नकार दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ नाही. पोप लिओ चौदावे यांनी २०२५ मध्ये सांगितले की, सर्वांना दार खुले आहे, पण शिकवण नजीकच्या काळात बदलण्याची शक्यता फार कमी. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला ज्युबिली यात्रेत समलैंगिक कॅथोलिक आपल्या कुटुंबीयांसह संत पेत्राच्या महामंदिराच्या पवित्र दारातून आत गेले.

२५/
म्हणजे दार उघडे आहे, वेदीची अट कायम आहे, आणि उंबरठ्यावर माणसे उभी आहेत. शिकवणुकीचा निर्णय रोमकडे आहे. तो श्रीरामपूरला होणार नाही. पण उंबरठ्यावरच्या माणसाला काय ऐकू येईल, हे रोम ठरवीत नाही. ते धर्मग्रामातला धर्मगुरू, शेजारच्या बाकावरचे कुटुंब आणि घरातली आई ठरवते. आदर, करुणा, संवेदनशीलता हे तीन शब्द १९९२ पासून ग्रंथात छापलेले आहेत. ते पाळण्यासाठी कोणत्याही सिनॉडच्या मतदानाची वाट पाहावी लागत नाही.