मोतीबिंदूचा चष्मा आणि जुन्या चष्म्यांचे दान

जबलपूर, मंडला, नरसिंहपूर या नर्मदाकाठच्या भागात काय किंवा विदर्भात काय, वृद्धांच्या नाकावरचा फुगीर, जाड भिंगांचा चष्मा हे 1980च्या दशकापर्यंत नेहमीचे दृश्य होते. नेत्रशिबिरात मोतीबिंदू काढला जाई. मात्र त्या जागी डोळ्यात दुसरे भिंग सहसा बसवले जात नसे. डोळ्यात उरलेली उणीव चष्म्याने बाहेरून भरून काढावी लागे. आधीचा दृष्टिदोष फारसा नसलेल्या बहुतेकांना सुमारे +10 डायॉप्टरचे भिंग लागे. त्यामुळे एकाचा चष्मा दुसऱ्याला पुष्कळदा चालून जाई. जुन्या चष्म्याचे दान शास्त्राच्या कसोटीला इतके सहज उतरावे, असे अन्यत्र क्वचितच घडते.

या चष्म्याचे सुख अर्थात बेताचेच होते. वस्तू जवळपास पाव पटीने मोठ्या दिसत, पायरीचा अंदाज चुके आणि बाजूने येणारा माणूस दृष्टिक्षेत्रातील आंधळ्या कड्यातून अचानक पुढे उभा राही. तरीही तो फुटला वा हरवला तर शस्त्रक्रिया झालेला माणूस पुन्हा अंध होई. 1986–89च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अंधत्वाच्या कारणांत मोतीबिंदूचा वाटा सुमारे 80 टक्के होता. पण शस्त्रक्रियेनंतर योग्य चष्म्याअभावी आलेल्या अंधत्वाचाही वाटा 4.69 टक्के निघाला. शस्त्रक्रियेची संख्या मोजणाऱ्या अहवालांत ही माणसे ‘यशस्वी’ म्हणूनच नोंदली गेली असणार.

पाश्चात्त्य देशांतील चष्मादानाची कहाणी निराळ्या वाटेने गेली. न्यू जर्सीतील शॉर्ट हिल्स येथे ज्युलिया टेरी यांनी 1932 मध्ये जुने चष्मे गोळा करणे सुरू केले. चौकटींतील मौल्यवान धातू विकून त्या पैशात गरजूंना नवे चष्मे देणे, ही त्यांची युक्ती आजही शहाणपणाची वाटते. हेलन केलर यांनी 1925 मध्ये ओहायोतील सीडर पॉइंट येथे लायन्स क्लबांना अंधांच्या कार्यासाठी आवाहन केले आणि पुढे या क्लबांनी जुने चष्मे जमवण्याचे काम जगभर नेले. भारतातील पहिला लायन्स क्लब मुंबईत 1956 साली स्थापन झाला.

भावना उत्तम, पण प्रकाशशास्त्र भावनेपुढे नमत नाही. दान होणाऱ्या चष्म्यांत एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा वेगळा असतो, सिलिंडरचा अक्ष ठरलेला असतो, भिंगांचे केंद्रबिंदू मूळ मालकाच्या बाहुल्यांमधील अंतरानुसार बसवलेले असतात. नव्या माणसाला तोच संच जुळणे योगायोगावर अवलंबून. शिवाय ओरखडे, वाकलेल्या काड्या आणि प्रत्येक चष्मा धुऊन, मोजून, वर्गवारी करण्याचे श्रम. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दान आलेल्या 275 चष्म्यांपैकी केवळ 7 टक्के वापरण्याजोगे निघाले; असा चष्मा रुग्णापर्यंत पोहोचवण्याचा खर्च तयार नव्या चष्म्याच्या दुपटीहून अधिक भरला.

भारतात तो जाड चष्मा मागे पडला तो मुख्यतः कृत्रिम भिंगामुळे. हॅरल्ड रिडली यांनी लंडनमध्ये 1949 साली पहिले भिंग डोळ्यात बसवले, पण ते खेड्यापर्यंत यायला चार दशके लागली. 1994 पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रासह सात राज्यांत राबवलेल्या प्रकल्पात सुमारे दीड कोटी शस्त्रक्रिया झाल्या. तात्पुरत्या शिबिरांऐवजी कायमस्वरूपी शस्त्रक्रियागृहे व कृत्रिम भिंग यांवर भर आला.

आता उरली आहे ती चाळिशीची गरज: सुई ओवणारा शिंपी, धान्य निवडणारी गृहिणी, चहाची पाने खुडणारी मजूर स्त्री. आसामच्या चहामळ्यातील 751 मजुरांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जवळचे दिसण्याचा चष्मा मिळालेल्यांची उत्पादकता, न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे 22 टक्क्यांनी अधिक वाढली. ते चष्मे कोणाचे उतरलेले नव्हते. प्रत्येकाचे डोळे तपासून दिलेले, स्वस्त आणि नवे होते.