नोकरीची चौकशी, मनाची झडती

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

नोकरी आणि चौकशी ही जोडी फार जुनी आहे. दुकानात दिवाणजी ठेवायचा असो की वाड्यावर राखणदार, 'कुणाचा कोण, कुठल्या गावचा, कुणाच्या ओळखीचा' हे तीन प्रश्न ठरलेलेच असत. त्यात गैर काही नाही. जो माणूस आपल्या तिजोरीजवळ वावरणार, त्याची माहिती धन्याने घ्यायची नाही तर कुणी घ्यायची? प्रश्न एवढाच आहे की, ही चौकशी कुठे थांबते आणि झडती कुठे सुरू होते?

हा प्रश्न आज घरोघरी येऊन ठेपला आहे. आपल्या शहरातल्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत दरवर्षी हजारो मुले अर्ज घेऊन फिरतात. आयटीआय झालेली, डिप्लोमा झालेली, पदवीधर. बायोडाटा नीट टाइप केलेला असतो, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स फाइलमध्ये लावलेल्या असतात. पण हल्ली फाइल उघडण्याआधी काही ठिकाणी उमेदवाराचे फेसबुक किंवा इन्स्टाग्राम उघडले जाते. मी इतिहास शिकवतो. माझ्या एका विद्यार्थ्याला मुलाखतीत मोबाइल अनलॉक करून टेबलावर ठेवायला सांगण्यात आले. त्याने ठेवला. 'नाही कसे म्हणणार, सर?' असे तो मला म्हणाला. त्याच्या या वाक्याने मला जुने कागद पुन्हा चाळायला लावले.

सुरुवात मुंबईच्या गिरणीपासून करू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिरणीत माणूस लावण्याचे काम साहेब करीत नसे, जॉबर करी. जॉबरला त्या माणसाचे गाव ठाऊक असे, जात ठाऊक असे, तो कुठल्या चाळीत राहतो आणि कुणाचे देणे लागतो हेही ठाऊक असे. काम हवे तर त्याच्या हातावर दस्तुरी ठेवावी लागे. कामगारांच्या स्थितीचा अभ्यास करायला १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात या पद्धतीवर टीका केली आणि भरतीचे काम जॉबरच्या हातून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावे, असे सुचवले. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांच्या नोंदीची योजना आली. रोजचे काम जॉबरच्या मर्जीवर नव्हे, कार्डावर मिळावे, हा तिचा एक हेतू होता. एखाद्याच्या खासगी आयुष्याची माहिती आणि त्याची भाकरी एकाच माणसाच्या मुठीत असली की काय होते, हे तेव्हाच्या गिरणगावाने पुरेपूर भोगले होते.

साता समुद्रापलीकडे काही वेगळे नव्हते. अमेरिकेत मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड याने १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली. जगभर त्याचे कौतुक झाले. पण ती पूर्ण मजुरी सगळ्यांना सरसकट मिळत नव्हती. त्यासाठी कंपनीने एक खास खाते उघडले. त्या खात्याचे तपासनीस कामगारांच्या घरी जात. घर स्वच्छ आहे का, दारू किती पितो, पैसे साठवतो का, याची नोंद करीत. कारखान्यात हात चांगला चालतो, एवढे पुरेसे नव्हते. घरातली चूलही मालकाच्या पसंतीस उतरावी लागे.

आता आपल्या गावाकडे येऊ. १९३८ साल. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सभा घ्यायची तर परवानगी हवी, असा 'गश्ती निशाण ५३' या नावाने मराठवाड्यात कुप्रसिद्ध असलेला हुकूम लागू होता. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिच्या जन्माआधीच बंदी आली होती आणि ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला होता. अशा वातावरणात उस्मानिया विद्यापीठाच्या औरंगाबादेतील इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात काही विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणत. अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुलांनी ऐकले नाही. नोव्हेंबरमध्ये संप सुरू झाला आणि त्याचे लोण हैदराबाद, गुलबर्गा अशा संस्थानातल्या इतर शहरांत पसरले.

त्या गीताबद्दल तेव्हाही निरनिराळी मते होती. तो वाद आज मला मांडायचा नाही. मला दाखवायचे आहे ते वेगळेच. मुलांचा अभ्यास कच्चा होता, असे कुणी म्हणत नव्हते. परीक्षेत कॉपी केली, फी बुडवली, अशीही तक्रार नव्हती. राहत्या जागी, प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या तोंडात काय होते, एवढ्यावर त्यांचे शिक्षण थांबवण्यात आले. आणि त्या काळी शिक्षण थांबणे म्हणजे नोकरीचे दार बंद होणे. शेकडो विद्यार्थी बाहेर काढले गेले.

पण गोष्ट इथे संपली नाही. संस्थानाच्या हद्दीबाहेर नागपूर होते. कुलगुरू टी. जे. केदार यांच्या नागपूर विद्यापीठाने या मुलांना प्रवेश दिला. अनेकांनी तिथे राहून शिक्षण पुरे केले. वरंगळकडून असेच बाहेर पडून नागपूरला आलेल्यांपैकी एक विद्यार्थी पुढे देशाचा पंतप्रधान झाला. त्यांचे नाव पी. व्ही. नरसिंह राव. एका दाराने नाकारलेला माणूस दुसऱ्या दाराने आत आला आणि देशाने त्याच्या हाती कारभार दिला. चौकशी करणाऱ्यांचा अंदाज किती चुकू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

हा इतिहास एकाच बाजूने सांगणे मात्र बरोबर नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, संस्थान भारतात आले आणि पारडे फिरले. त्यानंतर संस्थानच्या सेवेतल्या अनेक मुस्लिम नोकरदारांना संशयावरून घरी बसावे लागले. त्यांत दोषी होते, तसे ज्यांनी कुणाचे काही बिघडवले नव्हते असेही होते. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे. चाळणी कुणाच्याही हातात असो. माणसाचे काम सोडून मन चाळायला घेतले की अन्याय ठरलेला.

स्वतंत्र भारतात सरकारी नोकरीआधी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करण्याची पद्धत चालू राहिली. गुन्ह्याची नोंद आहे का, एवढे पाहणे समजण्यासारखे आहे. पण पोलीस त्यापलीकडेही लिहीत. मध्य प्रदेशातल्या एका शिक्षकाला १९७४ मध्ये नोकरीवरून काढण्यात आले. कारण काय, तर पूर्वी तो राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जनसंघाच्या कार्यक्रमांत भाग घेत असे, असा पोलिसांचा अहवाल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८३ मध्ये न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल दिला तो शिक्षकाच्या बाजूने. नोकरीसाठी आलेल्या माणसाची राजकीय श्रद्धा आणि जुनी राजकीय हालचाल यांवर पोलिसांचा अहवाल मागवणे, ही कल्पनाच समान संधी, विचारस्वातंत्र्य आणि संघटनास्वातंत्र्य यांच्या मुळावर घाव घालते, असा त्या निकालाचा आशय आहे. न्यायालयाला त्या शिक्षकाची मते पटतात की नाही, हा मुद्दाच नव्हता. हा निकाल प्रत्येक पक्षाच्या कार्यकर्त्याने वाचावा असा आहे, कारण सत्ता बदलते आणि चाळणीचे धनीही बदलतात.

मात्र हे बंधन सरकारवर आहे. खासगी कंपनीला ते तसेच्या तसे लागू होत नाही. आणि नव्या काळातली झडती नेमकी तिथेच वाढली.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातील बोझमन या शहराच्या नगरपालिकेने नोकरीच्या अर्जदारांकडून त्यांच्या इंटरनेटवरच्या खात्यांची नावे आणि चक्क पासवर्ड मागितले. बातमी फुटली, देशभर गदारोळ झाला आणि ती अट मागे घ्यावी लागली. मेरीलँड राज्यात तुरुंग खात्यातील एका कर्मचाऱ्याकडून मुलाखतीत फेसबुकचा पासवर्ड मागण्यात आला. त्या प्रकरणानंतर २०१२ मध्ये मेरीलँडने कायदा करून मालकांना असे पासवर्ड मागण्यास मनाई केली. असा कायदा करणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य. पुढे इतर अनेक राज्यांनी तोच रस्ता धरला.

पण त्याच अमेरिकेने परक्यांसाठी वेगळे माप ठेवले आहे. २०१९ पासून व्हिसाच्या अर्जात गेल्या पाच वर्षांतल्या सोशल मीडिया खात्यांची नावे द्यावी लागतात. जून २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली खाती सर्वांसाठी खुली ठेवायला सांगण्यात आले आणि डिसेंबर २०२५ पासून नोकरीच्या एच-१बी व्हिसालाही तोच नियम लागला. मराठवाड्यातून अमेरिकेला निघालेल्या मुला-मुलींच्या घरी आज बॅगा भरण्याआधी जुने फोटो पुसण्याचे काम चालते, ते यामुळे.

आपल्याकडे काय आहे? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी पासवर्डला संवेदनशील माहितीत धरले. तो घ्यायचा तर संमती हवी. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तशी त्याला संमतीही नसते. रांगेत मागे पन्नास जण उभे असताना पहिल्याने दिलेला होकार हा होकार कसा मानायचा? २०२३ मध्ये व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातली एक गोष्ट प्रत्येक तरुणाने लक्षात ठेवावी. जी माहिती आपण स्वतःहून सर्वांसाठी खुली केली, तिला या कायद्याचे कवच नाही. म्हणजे चौकात लावलेला फलक कुणीही वाचावा. कपाटातल्या वहीची गोष्ट वेगळी. पासवर्ड मागणे किंवा मोबाइल टेबलावर ठेवायला लावणे म्हणजे त्या कपाटाची किल्ली मागणे आहे. पण ती मागूच नये असे मालकाला स्पष्ट बजावणारा मेरीलँडसारखा कायदा आपल्याकडे नाही.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. ९ ऑगस्ट २०१८ च्या महाराष्ट्र बंदमध्ये वाळूजला कारखान्यांची तोडफोड झाली, ती इथल्या उद्योजकांच्या स्मरणात आहे. लहान मुलांच्या शाळेत शिक्षक नेमताना, रोख रकमेजवळ माणूस बसवताना काळजी घ्यावीच लागते. कुणी उघडपणे धमक्या देत असेल, द्वेष पसरवत असेल, तर तिकडे डोळेझाक करा असे मी म्हणणार नाही. पण दगड मारणारा हात आणि मोर्च्याचा फोटो टाकणारा हात यांत फरक आहे. एकाची नोंद न्यायालयात होते. दुसऱ्याची नोंद करण्याचा अधिकार मनुष्यबळ विभागाला कुणी दिला? आणि खाते उघडले की केवळ मते दिसत नाहीत. आडनावामागची जात दिसते, जयंतीचा फोटो दिसतो, धर्म दिसतो, लग्न ठरल्याचे दिसते, आजारपण दिसते. मुलाखतीत जे विचारायला तोंड होत नाही, ते सगळे न विचारता कळते. जॉबरला जे गावाकडून कळत असे, ते आज पडद्यावर कळते, एवढाच फरक.

एवढाच नाही, आणखी दोन फरक आहेत आणि तेच मला अधिक गंभीर वाटतात. १९३८ च्या मुलांना आपल्याला का काढले हे माहीत होते. म्हणून त्यांना संप करता आला, लढता आले. मध्य प्रदेशातल्या शिक्षकाच्या बाबतीत पोलिसांचा कागद होता, म्हणून त्याला न्यायालयात जाता आले. आजच्या उमेदवाराला फक्त 'कळवतो' म्हणतात आणि पुढे काहीच कळत नाही. त्याच्याकडे भांडायला कागदच नाही. दुसरा फरक असा की, त्या मुलांना नागपूर होते. उस्मानियाच्या वहीत काय लिहिले आहे, ते नागपूरला पाहायचे नव्हते. आज प्रत्येक दारात तोच पडदा उघडत असेल, तर एका जागी नाकारलेल्या मुलाने जायचे कुठे?

म्हणून माझे मागणे साधे आहे. ज्या कंपनीला उमेदवाराची उघडी खाती पाहायची असतील, तिने तसे अर्जावरच छापावे. त्यावरून काही आक्षेप निघाला, तर उमेदवाराला समोर बसवून विचारावे आणि त्याचे म्हणणे लिहून घ्यावे. बंद खात्याची किल्ली मात्र कुणीही, कोणत्याही कारणाने मागू नये. सरकारने हे कायद्यात घालावे, आणि तोवर आपल्या औद्योगिक संघटनांनी आपणहून पाळावे. मुलांना मी सांगतो की, चौकातला फलक जपून लिहा. पण कुणी किल्ली मागितली तर 'साहेब, हे कामाशी संबंधित नाही' एवढे नम्रपणे म्हणायला शिका. एकट्याने म्हणणे अवघड आहे, हे मलाही समजते. औरंगाबादच्या त्या वसतिगृहातही पहिल्या मुलाला ते अवघडच गेले असेल. मागून आणखी आवाज आले, तेव्हा ते सोपे झाले.