उंबरठ्याअलीकडचे युद्ध

युद्धाचा इतिहास रणांगणापाशी थांबतो. शिपायाच्या उंबरठ्यापर्यंत तो क्वचितच येतो. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावी पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जवानांचे स्मारक आहे. मृतांची गणती झाली. मागे राहिलेल्यांच्या मनाची कोणी केली?

२९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियातील कूत येथे वेढ्यात अडकलेली फौज तुर्कांना शरण गेली. तीत मराठा पलटणीही होत्या. कैदेत पडलेला धनी जिवंत आहे की नाही, हे न कळता किती जणींनी कपाळीचे कुंकू जपले असेल! रडावे तर अपशकुन, न रडावे तर मन आतून पोखरते. त्या काळी आधार एकच, शेजारपाजारचा.

१९१९ साली इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झाले आणि सैनिकांच्या कुटुंबांकडे सरकारचे लक्ष वळले. १९६६ साली सैनिकपत्नींची ‘आवा’ ही संस्था नोंदली गेली. पुढे तिच्या कार्यात मानसिक समुपदेशनही आले.

घरची खुशाली लांबली की आम्ही परप्रांतातले नोकरदार टपालाला दोष देऊन झोपी जातो. सैनिकाच्या घरी ती सोय नसते. निवृत्तिवेतनाने चूल पेटते; रात्र मात्र कोणी जवळ बसून ऐकून घेतले, तरच सरते.